आबांच्या वाटणीचा चहा

रिकाम्या हातानं चालणारा माणूस आमच्या पिंपळीच्या रस्त्यावर कुणाला बघवत नसे. माणूस चालतोय म्हणजे त्याची एसटी चुकली असणार, नाहीतर गाडी पंक्चर झाली असणार, नाहीतर घरात भांडण झालं असणार. बाईच्या डोक्यावर वैरणीचा भारा असला किंवा गड्याच्या खांद्यावर फावडं असलं, की चालण्याला काही अर्थ यायचा. नुसतंच चालायचं, कुठं पोचायचं नाही आणि फिरून घरीच यायचं, हा प्रकार नव्वदच्या दशकात आमच्याकडं माझ्या सासऱ्यांनी सुरू केला. त्यांना गाव आबा म्हणायचं, म्हणून मीही आबाच म्हणायचे. आणि त्यांना चालायला लावणारी बाई मी.

मी माहेरची इंदापूरची. वडील तालुक्याच्या कचेरीत कारकून, त्यामुळं घरात जेवणापासून झोपेपर्यंत सगळं घड्याळावर. लग्न होऊन पिंपळीला आले तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवत होते. नखं कापा, जेवणाआधी हात धुवा, भरपूर पाणी प्या, रोज व्यायाम करा, अशा आरोग्याच्या सवयी पोरांकडून घोकून घ्यायचे. पोरं ऐकायची, त्यामुळं घरचेही ऐकतील असा माझा भाबडा समज झाला. मी रंगीत खडूंनी एक तक्ता केला आणि स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवला. सासूबाईंना आमच्याकडं आत्या म्हणतात. आत्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून मी सगळा तक्ता मोठ्यानं वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि यात नवीन काय आहे, असं विचारलं. दुसऱ्या दिवशी तक्त्याच्या बरोबर मधोमध खिळा ठोकून त्यांनी दुधाची किटली टांगली. 'भरपूर पाणी प्या' एवढीच ओळ किटलीखालून दिसायची.

घरात आम्ही चौघं. माझे यजमान लोणी देवकरला एका कारखान्यात पाळीवर होते. ते सुट्टीच्या दिवशी उगवायचे, येताना भिगवणवरून मासे आणायचे, आणि मासे खाऊन झोपायचे. त्यामुळं घरात निर्णय घ्यायला मी, तो मोडायला आबा, आणि निस्तरायला आत्या, अशी कामाची वाटणी होती.

चालण्याची भानगड सुरू झाली एका म्हशीमुळं. आबांची एक जुनी फटफटी होती, आणि तिच्यावर त्यांचा पोटच्या पोरापेक्षा जास्त जीव. साखर कारखान्याची सभा असो, बारामतीचा बाजार असो, नाहीतर नुसती तंबाखू संपलेली असो, आबा फटफटी काढायचे. एके दिवशी दुपारी फाट्याकडून येताना त्यांना रस्त्यात झाडाची सावली पडलेली दिसली. सावलीतून गाडी घालायला काय हरकत, म्हणून त्यांनी घातली. तर सावली उठून उभी राहिली आणि हंबरली. म्हशीला फारसं लागलं नाही. आबा मात्र कडेच्या पाण्याच्या चारीत पडले, फटफटी त्यांच्या अंगावर पडली, आणि ही बातमी त्यांच्याआधी घरी पोचली.

बारामतीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, उजव्यात जास्त. ऑपरेशन करू, पण आधी रक्तातली साखर तपासून या. तपासली, तर ती एवढी निघाली की तपासणाऱ्यानं आबांकडं आदरानं पाहिलं. साखर उतरल्याशिवाय डोळ्याला हात लावणार नाही, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी साफ सांगितलं. मग आम्ही साखरेच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी गोड बंद केलं, रोज सकाळी भरभर चालायला सांगितलं, आणि पायांबद्दल तर एक लांबलचक व्याख्यानच दिलं. अनवाणी फिरायचं नाही, पायाला चीर पडली तरी लगेच दाखवायची, या आजारात जखम भरत नाही आणि दुखतही नाही. आबांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "मी कारखान्याचा सभासद हाय, डाक्टर. माझ्या घरातनं साखर जायाची कशी?"

घरी आल्या आल्या आत्यांनी फटफटीची चावी आपल्या कमरेच्या जुडग्यात अडकवली. नजर आली की चावी मिळेल, एवढंच बोलल्या.

त्यानंतर आबा ओट्यावर बसून माणसं खोकल्यावरून ओळखायला लागले. कधी चुकायचे. एकदा त्यांनी विजेच्या खांबाला रामराम घातला आणि तो बोलत नाही म्हणून दिवसभर फुरंगटून बसले. आम्ही हसलो, तेही हसले. पण एका संध्याकाळी मी त्यांना पेपर वाचून दाखवत होते, तेव्हा त्यांनी मध्येच हात करून मला थांबवलं आणि हळूच विचारलं, "पोरी, साखर न्हाईच उतरली तर ह्यो दुसरा डोळा बी जाईल का गं?" मी पेपर मिटून ठेवला. त्या दिवसापासून मी हे काम अंगावर घेतलं.

गावानं आधी औषधं सुचवली. कुणी कारल्याचा रस सांगितला, कुणी मेथ्या, कुणी जांभळाच्या बियांची भुकटी. जो औषध सांगायला यायचा तो चहा घेऊन जायचा, आणि त्याला सोबत म्हणून आबाही घ्यायचे. सांगितलेली सगळी औषधं ते मनापासून घ्यायचे. कारल्याचा रस गटागट प्यायचे, आणि तोंड कडू झालं म्हणून वर गुळाचा खडा टाकायचे. डॉक्टरांनी मासे चालतील म्हणून सांगितलं होतं, त्याचा अर्थ माशांबरोबर कितीही भाकरी चालतील असा त्यांनी लावला.

मग मी त्यांना बारामतीहून पांढरे कॅनव्हासचे बूट आणले. धोतर, टोपी आणि शाळेच्या कवायतीचे बूट, अशा अवतारात आबा रोज सकाळी कॅनॉलच्या रस्त्यानं फाट्यावरच्या मारुतीपर्यंत जायला निघाले. सोबत कुणी नको म्हणाले. रस्ता पायांना पाठ आहे, डोळे कशाला लागतात. एक दिवस चुकवला नाही. मी शाळेत पोरांना त्यांचं उदाहरण द्यायला लागले.

महिन्यानं रक्त तपासलं तर साखर वाढलेली. डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, चालता का? आबांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, रोज, खंड न पाडता. ते खोटं बोलत नव्हते, हे मला माहीत होतं. परत येताना एसटीत मी डोकं खाजवत बसले.

उलगडा झाला तो एकदा मला शाळेत लवकर जायचं होतं म्हणून. वाटेत फाट्यावर पाहते तर आबा एका ट्रॅक्टरच्या मडगार्डवर नवरदेवासारखे बसलेले, हातात चहाची बशी, आणि सभोवती चार माणसं. झालं होतं ते असं. आबा घरातून निघाले की पहिल्या वळणावरच दूधवाला गाडी थांबवायचा. आबा, चालत कशाला, मी हाय की. चालायलाच निघालोय म्हटलं तर त्याला ती थट्टा वाटायची. सत्तरीकडं झुकलेला माणूस, डोळ्यांनी अधू, त्याला पायी जाऊ दिलं तर लोक काय म्हणतील? तो दोन कॅनच्या मधे आबांना बसवून फाट्यावर सोडायचा. तिथं चहा. येताना उसाची बैलगाडी नाहीतर ट्रॅक्टर, आणि वाटेतल्या वस्तीवर पुन्हा चहा. गाडीवर बसल्या बसल्या कुणी हातात उसाचं कांडं दिलं, तर तेवढाच दातांना व्यायाम म्हणून तेही चघळायचे. चालणं असं नव्हतंच. रोज सकाळी आबांची वरात निघत होती.

सून असून चारचौघांत सासऱ्यांना बोलणं शोभलं नसतं. म्हणून मी चौथीच्या पोरांना गप्प करते त्या नजरेनं त्यांच्याकडं रोखून पाहिलं. आबांना ती नजर दिसली नाही. सूनबाई आली का, असं त्यांनी पदराच्या रंगावरून ताडलं आणि माझ्यासाठीही चहा सांगितला.

घरी आल्यावर मी बजावलं की आता कुणाचाही चहा घ्यायचा नाही, सरळ नाही म्हणायचं. आबा शब्दाला जागणारे. दुसऱ्या दिवशी त्यांनी एका वस्तीवरचा चहा नाकारला, त्याच्या पुढच्या दिवशीही नाकारला. मला काय माहीत, त्या दिवसांत सोसायटीची निवडणूक तोंडावर आली होती, आणि ती वस्ती एका पॅनलच्या उमेदवाराची होती. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की आबा दुसऱ्या पॅनलला मिळाले. दिवेलागणीला तो उमेदवार दोन माणसं घेऊन दारात हजर. आमचं काय चुकलं, एवढंच सांगा म्हणाला. आबांनी साखरेचं सांगितलं, डोळ्याचं सांगितलं, रिपोर्टही दाखवला. तो सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "ते झालंच. पर च्या घेतल्याबिगर मला खरं वाटायचं न्हाय." मग त्याची समजूत काढायला आबांना त्याच्या घरी जाऊन चहा घ्यावा लागला. ते कळल्यावर दुसऱ्या पॅनलची माणसं आली. त्यांच्या घरी शिराही झाला. एक चहा नाकारायला गेलो आणि शिरा पदरात पडला, असा तो नफ्याचा सौदा होता.

मी हात टेकले. रागाच्या भरात आबांना म्हणाले, इथं लोकांना डॉक्टरांचं काही पडलेलंच नाही. आत्या चुलीपुढं भाकरी थापत होत्या. थापता थापताच म्हणाल्या, "डाक्टरचं न्हाय ऐकत. देवाचं ऐकत्यात."

त्यांचा विचार साधा होता. आबांनी नवस बोलायचा. नजर येईपर्यंत रोज पायी फाट्यावरच्या मारुतीला जायचं आणि तोवर गोडाला शिवायचं नाही. नवसाच्या माणसाला कुणी गाडीवर घेत नाही आणि त्याचं व्रत कुणी मोडत नाही. आबा एकदम ताठ झाले.

"देवाला फसवायचं?"

"फसवायचं कशाला?" आत्या म्हणाल्या. "खराच बोला की."

आबांनी खराच बोलला. पण पहिल्याच दिवशी देवळात एका म्हाताऱ्यानं त्यांचे पांढरे बूट पाहून नाक मुरडलं. नवसाला बूट घालून निघालेला माणूस त्याच्या उभ्या जन्मात त्यानं पाहिला नव्हता. नवस म्हणजे अनवाणी. आणि डॉक्टर तर म्हणालेले, अनवाणी फिरलात तर पाय जाईल. आबा एकीकडं मारुती आणि एकीकडं डॉक्टर अशा कात्रीत सापडले. मी काही बोलण्याआधी आत्यांनीच तोड काढली. आबांच्या वाटणीचं अनवाणी त्या चालतील. नवरा-बायकोचा नवस एकच, देवाला काय, कुणाचेही पाय चालतात. तो म्हातारा विचारात पडला आणि मग त्यानं मान डोलावली. मीही मान डोलावली. मला तर ती युक्ती इतकी आवडली की त्या रात्री यजमान घरी असते तर मी त्यांना झोपेतून उठवून सांगितली असती.

दुसऱ्या दिवसापासून आबा पुढं आणि आत्या पंधरा-वीस पावलं मागं, अशी दोघं निघायला लागली. आमच्याकडं नवरा-बायको रस्त्यानं जोडीनं चालत नाहीत. पुरुष पुढं, बाई मागं, मधे चार माणसं मावतील एवढं अंतर. आत्यांनी तक्त्यावरची रिकामी किटली काढून हातात घेतली. मी विचारलं, किटली कशाला? तर नुसतं चाललेलं कसं दिसेल, म्हणाल्या. लुगड्याचा काचा मारलेला, पाय उघडे, आणि हातात रिकामी किटली. तिच्यामुळं त्या कुठंतरी दूध आणायला निघाल्यासारख्या वाटायच्या आणि त्यांची लाज वाचायची.

नवस लागू पडला. ट्रॅक्टरवाले आबांना पाहून वेग कमी करायचे, कपाळाला हात लावायचे आणि पुढं जायचे. दूधवाला गाडी थांबवेनासा झाला. निवडणुकीतल्या दोन्ही पॅनलना वाटलं, हा नवस आपल्याच उमेदवारासाठी असणार, त्यामुळं तीही बाजू शांत झाली. चहाचं मात्र एक राहिलं. दोघांना येताना पाहिलं की वस्तीवरच्या बाया सवयीनं दोन कप ओतायच्या. ओतल्यावर त्यांना आबांचा नवस आठवायचा. आता ओतलेला चहा टाकायचा नसतो. परत पातेल्यात घालणं म्हणजे घरच्या बाईचा अपमान, आणि तसाच ठेवून जाणं म्हणजे त्याहून मोठा. मग आत्या स्वतःचाही प्यायच्या आणि आबांच्या वाटणीचाही. चहा कसला, पाक. सभासदांच्या साखरेची घरं ती, चमचा कपात उभा राहायचा. येताना तहान लागते म्हणून आत्या प्रत्येक वस्तीवर तांब्याभर पाणीही मागून प्यायच्या.

तीन-चार महिन्यांत आबांची साखर उतरायला लागली. डॉक्टर खूष झाले. मी तर हवेतच. आत्याही चांगल्या सडसडीत झाल्या. त्यांची चोळी ढिली झाली, ती शिंप्याकडून आत घेतली, पुन्हा ढिली झाली. बायका विचारायच्या, आत्याबाई, काय करता? मी शाळेतल्या पालकांच्या बैठकीत त्यांना पुढं उभं करून सांगितलं, बघा, नियमित चालणं आणि भरपूर पाणी. आमच्या घरात माझा तक्ता कुणी पाळला असेल तर तो आत्यांनी. बायकांनी टाळ्या वाजवल्या. आत्या पदर तोंडाला लावून हसल्या आणि बैठक संपल्यावर आधी रांजणाकडं गेल्या.

अखेर डोळ्यांच्या डॉक्टरांनी होकार दिला आणि बारामतीला आबांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी काढायची त्या दिवशी आम्ही तिघंही होतो, कारण यजमानांनी पाळी बदलून घेतली होती, आणि आश्चर्य म्हणजे ते जागे होते. डॉक्टरांनी हळूच पट्टी काढली, डोळा पुसला, आणि समोर बोटं धरली. आबांनी बोटं बरोबर सांगितली. भिंतीवरच्या तसबिरीतला देव कोणता तेही सांगितलं. यजमानांच्या शर्टाचं बटण तुटल्याचं सांगितलं. माझ्याकडं बघून, तू एवढी गोरी असशील असं वाटलं नव्हतं, असंही म्हणाले. मला रडू आलं. मी ते लपवलं नाही.

तेवढ्यात आत्या बाहेरून आबांसाठी बिनसाखरेचा चहा घेऊन आल्या. आबांनी कप घेतला नाही. ते आत्यांकडं पाहत राहिले. वरून खाली पाहत गेले आणि पायांपाशी थांबले. आत्यांच्या उजव्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती.

"ही कवा वाळली एवढी?" आबांनी मला विचारलं.

मी कौतुकानं सांगितलं, तुमच्याबरोबर रोज चालतात ना, म्हणून.

"मी बी चाललो. माझं पोट हाय तितंच हाय." मग आत्यांकडं वळून, "आणि त्या अंगठ्याला काय झालंय?"

आत्या म्हणाल्या, कॅनॉलवर काचेचा तुकडा लागला होता, हळद लावलीय, काही नाही. कधी लागला, ते त्यांनाच नीट आठवेना. ऊसतोड सुरू होती तेव्हा कधीतरी. दुखतंय का, असं आबांनी विचारलं. त्या म्हणाल्या, अजिबात न्हाय. आणि आबांचा चेहरा उतरला. पायांबद्दलचं ते लांबलचक व्याख्यान आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं. ते पाठ मात्र एकट्या आबांना होतं.

"डाक्टर," ते म्हणाले, "माझं ऱ्हाऊ द्या. आधी हिची साखर बघा."

आत्या नको नको म्हणत होत्या. मला कुठं काय होतंय, मी तर धडधाकट. पण आबा पलंगावरून उठायला लागले तेव्हा त्या घाबरून रक्त द्यायला गेल्या. साखर आली ती आबांच्या कधीच्याही आकड्याला मागं टाकणारी. डॉक्टरांनी विचारलं, तहान लागते का? फार. वजन उतरलं का? उतरलं. मग डॉक्टर माझ्याकडं वळून म्हणाले, बाई, तुम्ही शिक्षिका ना? तहानेलाच मी आरोग्याची सवय म्हणून टाळ्या मिळवून दिल्या होत्या. डॉक्टरांनी समजावलं की चहानं आजार जडत नाही, तो आतून आधीच असणार, पण रोजच्या त्या पाकानं त्याला चांगलं पोसलंय. एवढा गोड चहा घेतलात कशाला, असं त्यांनी विचारलं, तेव्हा आत्यांनी खरोखर न समजून त्यांच्याकडं पाहिलं.

"ओतलेला च्या टाकायचा कसा, डाक्टर?"

मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला. कुणाचा ते ठरवता येईना. आम्हा सगळ्यांचे डोळे धड होते. रोज त्या माझ्या समोर भाकरी थापायच्या. घरात दिसत नव्हतं ते एकट्या आबांना, आणि दिसायला लागल्यावर पहिल्यांदा दिसलं तेही त्यांनाच.

अंगठा वाचला, पण त्यासाठी फार काळजी घ्यावी लागली. जखम रोज धुवायची, मलम लावायचं, कोरडी ठेवायची. ते काम आबांनी कुणाला करू दिलं नाही. नवा जाड चष्मा लावून ते ओट्यावर बसायचे, आत्यांचा पाय मांडीवर घ्यायचे आणि सोन्याचा दागिना तपासावा तसा अंगठा उलटसुलट करून बघायचे. नवऱ्याच्या मांडीवर पाय म्हणजे पाप, असं म्हणत आत्या दरवेळी पाय आखडून घ्यायच्या. शेजारच्या बाया कुंपणावरून बघायच्या. आबा त्यांना जखमेचा हालहवाल सांगायचे, जणू पिकाचा सांगावा.

जखम भरली तशी डॉक्टरांनी आत्यांना चालायला परवानगी दिली, बुटांच्या अटीवर. आबांनी बारामतीत दुकानं पालथी घातली. बायकांच्या मापाचे साधे बूट कुठं मिळेनात, शेवटी शाळेच्या पोरींचे पांढरे बूट मिळाले. आत्या म्हणाल्या, मी हे घालून रस्त्यानं गेले तर गाव काय म्हणेल? आबा म्हणाले, मी घालून गेलो तेव्हा काय म्हणालं?

रविवार होता, शाळेला सुट्टी, म्हणून मीही त्यांच्यासोबत निघाले. आबांना नवस फेडायचा होता, मारुतीला तेल न्यायचं होतं. उंबऱ्यात आत्यांनी कमरेच्या जुडग्यातून फटफटीची चावी सोडवली आणि आबांपुढं धरली. नजर आली की चावी, असं ठरलेलंच होतं. आबांनी ती घेतली, खिशात टाकली, आणि फटफटीकडं न बघता रस्त्याला लागले.

पहिल्या वस्तीवर बाईनं सवयीनं दोन कप ओतलेच. आबांनी आत्यांकडं पाहिलं, आत्यांनी कपांकडं. मग दोघांनी मागं वळून माझ्याकडं पाहिलं. मी काय समजायचं ते समजले. दोन्ही कप प्यायले. इतका गोड चहा मी त्याआधी कधी प्यायले नव्हते आणि त्यानंतर त्या वस्तीवर साखर कमी करायला सांगण्याची जबाबदारी माझ्यावर आली, ती अजून संपलेली नाही.

पुढं निघालो ते जुन्याच क्रमानं. आबा पुढं, आत्या मागं, त्यांच्या हातात रिकामी किटली, आणि त्यांच्याही मागं मी. पण आबांचं चालणं नीट होईना. ते दर थोड्या अंतरावर मान वळवून मागं बघायचे. आत्यांचा पाय दगडावर पडतोय की मातीवर, ते बघायचे. बघता बघता एकदा स्वतःच ठेचकाळले. मग ते रस्त्याच्या मधोमध थांबले. आम्हीही थांबलो.

"तू म्होरं हो," ते आत्यांना म्हणाले.

आत्यांना कळेना. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. वस्तीवरची माणसं अजून दारात उभी होती.

"म्होरं हो," आबा म्हणाले. "मागं असलीस की मला दिसत न्हाईस."

आत्यांनी डोक्यावरचा पदर आणखी पुढं ओढला, किटली या हातातून त्या हातात घेतली आणि पांढऱ्या बुटांनी आबांच्या पुढं चालायला लागल्या. आबा त्यांच्या मागून, नजर रस्त्यावर न ठेवता सरळ त्या बुटांवर ठेवून. समोरून एक ट्रॅक्टर आला. ड्रायव्हरनं नेहमीसारखा वेग कमी केला, कपाळाला हात लावायला वर नेला, आणि तो तसाच अर्ध्यावर थांबला. बाई पुढं आणि माणूस मागं, हा कुठला नवस, हे काही त्याला उमगलं नाही.